दुसऱ्या लेन्सचं व्रत

हे व्रत कोणी करावं

कॅमेरा घेऊन वर्ष-दीड वर्ष झालंय, खोक्यातून आलेली १८-५५ची किट लेन्स अजून त्याच्या तोंडावर आहे, आणि आपल्या फोटोंत काहीतरी कमी पडतंय, ते काहीतरी दुकानात मिळतं, असं ज्याला रात्री झोपताना वाटू लागलंय, त्या प्रत्येकाने हे व्रत करावं. वय, लिंग, पगार यांची अट नाही. पगाराची अट नंतर आपोआप लागते.

लक्षणं ओळखावीत. लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यावर नजर नवरानवरीकडे न जाता फोटोग्राफरच्या हातातल्या पांढऱ्या नळकांड्याकडे जाते. पेपरातला चांगला फोटो पाहून ‘काय टिपलंय’ असं तोंडून न निघता ‘किती एमएम असेल?’ असं निघतं. आणि आपल्या किट लेन्सबद्दल बोलताना आवाज जरा खाली येतो, ‘ती काय, कॅमेऱ्याबरोबरच आलेली’. जणू भाजीवर फुकट मिळालेला कढीपत्ता.

मी हे व्रत तीनदा केलंय. पहिल्या दोन वेळी चुकलो. त्यामुळे पुढचा मजकूर अनुभवसिद्ध समजावा.

नामस्मरण

लेन्स हा शब्द लॅटिन भाषेतल्या मसुरीचा. दोन्ही अंगांनी फुगीर भिंग मसुरीच्या दाण्यासारखं दिसतं, म्हणून ते नाव. ही माहिती कळल्यावर महिन्याच्या वाणसामानाच्या यादीत लेन्सची नोंद ‘मसूर’ अशी करण्याचा मोह होतो. करू नये. मी केली होती. सात हजारांची मसूर आमच्या घरात कुणालाही पचली नाही. मराठीत लेन्सला भिंग म्हणतात आणि लपवलेल्या लबाडीला बिंग. दोन्ही फुटू शकतात. दुसरं हमखास फुटतं, आणि तेही कुरिअरवाला येतो त्याच दिवशी.

संकल्प

हातात पाणी घेण्याऐवजी पेन घ्यावं आणि कागदावर एकच वाक्य लिहावं: ‘मला अमुक गोष्टीचा फोटो काढायचा आहे, तो सध्या जमत नाही, कारण तमुक.’ अमुकच्या जागी ‘सगळ्याचा’ असं येत असेल, तर कागद फाडावा. तमुकच्या जागी ‘लेन्स चांगली नाही’ असं येत असेल, तर तोच कागद पुन्हा फाडावा. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण ज्याने रचली त्याच्याकडे कॅमेरा नव्हता. असता तर तो अंगण बदलून पाहायला निघाला असता.

मुहूर्त

वर्षात साडेतीन मुहूर्त. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा हे पूर्ण, दिवाळीचा पाडवा अर्धा. किट लेन्सच्या कडेवर ३.५ हा आकडा छापलेला असतो, तोही याच हिशोबातला असावा असं मला बरेच दिवस वाटत होतं. तसं नाही. तो एफ नंबर. लेन्सच्या फोकल लेंग्थला तिच्या आतल्या छिद्राच्या व्यासाने भागलं की तो मिळतो. म्हणून आकडा लहान तर छिद्र मोठं, आणि छिद्र मोठं तर प्रकाश जास्त. किट लेन्स १८ला असते तेव्हा तिचं छिद्र ३.५पर्यंत उघडतं. झूम करत ५५ला गेलात की ते ५.६वर येतं. लांबचं बघू गेलं की डोळे बारीक होतात, तसंच.

५.६च्या जागी १.८ मिळालं तर प्रकाश जवळजवळ दहापट होतो. घरातल्या गणपतीच्या आरतीला जिथे ५.६ला शटर सेकंदाचा आठवा भाग उघडं ठेवावं लागतं, तिथे १.८ला ऐंशीवा भाग पुरतो. आठव्या भागात टाळ वाजवणाऱ्या काकांच्या मनगटापुढे नुसता धूर दिसतो. ऐंशीव्या भागात तिथे हात असतात. या व्रतातलं भौतिकशास्त्र एवढंच. उरलेलं अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र.

खरेदीचा मुहूर्त कुठलाही चालतो. टाळायचा एकच, सहलीच्या आदल्या दिवसाचा. नवी लेन्स, नवं गाव आणि नवी नवरी यांच्याशी एकाच दिवशी ओळख करून घेऊ नये.

पूजेचं साहित्य

एक, आपला कॅमेरा. लेन्स घ्यायला जाताना तो बरोबर न्यावा. हे सांगावं लागतं, कारण लोक नेत नाहीत. लेन्स आणि कॅमेरा यांची गाठ माउंटवर बांधलेली असते, आणि ही पत्रिका जुळवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. निकॉनचा एफ माउंट १९५९चा, कॅननचा ईएफ १९८७चा. दोघांनी २०१८ साली मिररलेस कॅमेऱ्यांसाठी नवे माउंट आणले, निकॉनने झेड आणि कॅननने आरएफ. जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर मधे अ‍ॅडॉप्टर घालून बसते. नवी लेन्स जुन्या कॅमेऱ्यावर बसत नाही. सासुरवाशीण कुणी व्हायचं हे इथे ठरलेलं आहे.

दोन, छोटी टॉर्च. उपयोग पुढे येईल.

तीन, मागच्या दोन महिन्यांतले खराब फोटो. हे साहित्य सर्वांत महत्त्वाचं आणि प्रत्येकाच्या घरी मुबलक.

मित्र मात्र साहित्यात धरू नये. मित्राला विचारलं की तो स्वतः घेतलेली लेन्सच सुचवतो, कारण तीच चूक दुसऱ्याने केली की आपली चूक निर्णयासारखी दिसू लागते.

दैवतं चार

पहिलं दैवत, पन्नास. ५० एमएम, एफ १.८. हलकी, लहान आणि स्वस्त म्हणून जगभर ‘निफ्टी फिफ्टी’ या नावाने प्रसिद्ध. शेअर बाजारातल्या निफ्टीशी गल्लत करू नये; ती कधीतरी वर जाते.

पन्नासच्या भक्तीला एक मोठा दाखला जोडलेला असतो. थोर फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपलं बहुतेक काम लायका कॅमेऱ्यावर ५०च्या लेन्सने केलं. खरंय. पण लायकाच्या फिल्मवरची चौकट ३६ मिलिमीटर रुंद. तुमच्या-माझ्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यातला सेन्सर त्यापेक्षा लहान, त्याचा क्रॉप फॅक्टर १.५ किंवा १.६. म्हणजे आपल्या कॅमेऱ्यावर बसलेली पन्नास त्यांच्या ७५ किंवा ८०सारखी बघते. अंगणात ठीक. वन बीएचकेत आजीचा फोटो काढायला मागे सरकत जावं, तर पाठ फ्रीजला टेकते आणि चौकटीत अजून नुसती आजीची नथ. कार्तिए-ब्रेसाँचं पन्नास हवं असेल तर आपल्या कॅमेऱ्यावर ३५ लावावी लागते. दीडाने गुणून पाहा.

माझं पहिलं चुकलेलं व्रत पन्नासचंच. जुन्या बाजारातून घेतली. कॅमेऱ्यावर चपखल बसली, प्रकाश आत घेऊ लागली, पण फोकस करायला काही तयार होईना. तेव्हा कळलं की जुन्या पद्धतीच्या काही लेन्समध्ये फोकसची मोटर नसते. ती कॅमेऱ्यात आहे असं गृहीत धरलेलं असतं, आणि स्वस्त कॅमेऱ्यांतून कंपन्यांनी ती काढून टाकलेली असते. दुकानदाराने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मग हाताने फोकस करायला शिकलो आणि भाच्याच्या बारशाला गेलो. १.८ला फोकसची खोली फार कमी असते, जवळून तर काही सेंटिमीटरच स्पष्ट येतात. त्या दिवशीच्या फोटोत टोपीचा गोंडा धाग्याधाग्यासह स्पष्ट आहे, बाळ धूसर आहे आणि आत्या अंतर्धान पावली आहे. आत्याने तो फोटो अजून मागितलेला नाही. माणसं एकापेक्षा जास्त असली की एफ नंबर ४-५.६वर न्यावा, हे त्या बारशाचं फलित.

दुसरं दैवत, लांब. १५०-६००. हिचं वजन दोन किलोच्या आसपास, म्हणजे मसुरीची दोन पाकिटं. (खरी मसूर.) हिचा साक्षात्कार बहुतेकांना भिगवणला होतो. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित, उतरतात. कुंभारगावातून होडी करावी, पाण्यात शिरावं, आणि बघावं तर शेजारच्या होडीत एकाच्या मांडीवर तोफ. आपल्या ५५च्या चौकटीत रोहित पक्षी म्हणजे क्षितिजावर सांडलेले गुलाबी तीळ. त्या रात्री मन कशात लागत नाही.

दुसरं व्रत मी तिथे केलं. पुढच्या हिवाळ्यात तोफ घेऊन त्याच होडीत बसलो. फरक एवढाच की उठायला उशीर झाला आणि पाण्यावर पोचेपर्यंत अकरा वाजले. ६००च्या चौकटीत पक्षी मोठे आले, पण पाणी तापून वर उठणाऱ्या हवेतून सगळेच थरथरत होते, जणू कुणी रोहित पक्ष्यांचं सांबार ढवळत होतं. नावाडी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “साहेब, सकाळी साडेसहाला या. आत्ता कितीबी मोठी लावा, पाणी उकळतंयच.” त्या वाक्याची किंमत शून्य रुपये. ते न ऐकता घेतलेल्या लेन्सची किंमत इथे लिहीत नाही, घरातली मंडळीही हे वाचतात.

लांब लेन्स घ्यायची तर एक हिशोब पाठ असावा. कॅमेरा हातात धरून काढायचं तर शटरचा वेग निदान फोकल लेंग्थइतका. ६००ला सेकंदाचा सहाशेवा भाग, आणि क्रॉप सेन्सरवर त्याहूनही कमी वेळ. स्टॅबिलायझेशन हाताचा कंप सावरतं, उडणाऱ्या पक्ष्याचा नाही.

तिसरं दैवत, रुंद. १०-१८ किंवा तत्सम. ही किल्ल्यांवर प्रसन्न होते असा समज. राजगडाच्या संजीवनी माचीवर उभं राहून सगळी माची एका फोटोत घ्यायची, या इच्छेपोटी लोक ती घेतात. सगळं मावतंही. आभाळ, मित्राचा बूट, चिप्सचं पाकीट आणि ती माची, जी आता करंगळीएवढी झालेली असते. रुंद लेन्स मावण्यासाठी नसतेच. ती कशाच्या तरी अगदी जवळ जाण्यासाठी असते. तटाच्या एका दगडापाशी गुडघे टेकून लेन्स हातभर अंतरावर नेली, तर तो दगड समोर येतो आणि मागे गड उभा राहतो. गुडघे टेकायची तयारी नसेल तर रुंद लेन्स घेऊ नये. आणि इमारतीसमोर कॅमेरा वर तिरपा केला की ती मागे झुकते, तेव्हा लेन्सला दोष देऊ नये.

चौथं दैवत, मॅक्रो. हिचं क्षेत्र कास. पाऊस सरता सरता पठारावर सीतेची आसवं उमलतात, निळी-जांभळी, नखाएवढी. खरी मॅक्रो लेन्स एकास एक काढते, म्हणजे एक सेंटिमीटरचं फूल सेन्सरवरही एक सेंटिमीटरचं. तिथे स्पष्ट येणारी पट्टी मिलिमीटरमध्ये मोजायची, आणि कासवरचा वारा काही मिलिमीटर मोजत नाही. हौस खरी आहे का हे पाहायचं असेल तर आधी एक्स्टेन्शन ट्यूब घ्यावी. ती म्हणजे नुसती पोकळ नळी, आत काच नाही, म्हणून स्वस्त. असलेल्या लेन्सच्या मागे लावली की तीच लेन्स जास्त जवळ जाऊ लागते. फुलाच्या फोटोसाठी फुलांवर आडवं पडणं मात्र कुठल्याही व्रतात बसत नाही.

जुनी लेन्स घेण्याचा विधी

मुंबईला फोर्टात बोराबाजार आहे, सीएसएमटीवरून चालत पाच-सात मिनिटं. इतर शहरांतही असे कोपरे आहेत. जुनी लेन्स घेण्यात कमीपणा नाही. नव्या लेन्सही सहा महिन्यांत जुन्याच होतात. आता टॉर्च काढावी. लेन्सच्या मागून प्रकाश पाडून पुढून बघावं, मग उलट. धुळीचे चार कण दिसले तर सोडून द्यावेत, फोटोत ते येत नाहीत. पण कोळिष्टकासारखे बारीक तंतू पसरलेले दिसले तर ती बुरशी. हसतमुखाने लेन्स परत करावी आणि चहाला नको म्हणावं. छिद्राच्या पात्यांवर तेल आहे का, रिंग अडखळते का, आपल्या कॅमेऱ्यावर फोकस होतो का, सगळं तिथेच पाहावं. बिल मागावं. बिल नाही म्हटल्यावर भाव उतरत असेल, तर तो का उतरतोय याचा विचार करावा.

चातुर्मासातली पथ्यं

आपल्याकडे लेन्सचा खरा शत्रू आषाढात येतो. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की पापड, मीठ आणि लेन्स यांचा स्वभाव एकसारखा होतो. चामड्याच्या देखण्या केसमध्ये लेन्स ठेवून कपाट लावून घेणं म्हणजे बुरशीला खोली भाड्याने देणं. हवाबंद प्लास्टिकचा डबा घ्यावा, त्यात सिलिका जेल आणि शंभर-दोनशेचा आर्द्रतामापक ठेवावा. काटा ४०-५० टक्क्यांत राहिला की झालं. जेलचा रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरावी. तांदळाच्या डब्यात लेन्स पुरू नये. भात होत नाही आणि लेन्समध्ये पीठ जातं. आणि सर्वांत चांगलं औषध म्हणजे आठवड्यातून एकदा तिला बाहेर काढून फोटो काढणं. हे पथ्य सांगितल्यावर पुष्कळ भक्तांचे चेहरे पडतात.

मुख्य विधी

आता तो तिसरा जिन्नस, खराब फोटो. या विधीसाठी दोन महिने काहीही डिलीट करू नये. जे फोटो नकोसे वाटतील ते ‘टाकाऊ’ नावाच्या फोल्डरमध्ये ढकलत जावं.

पुष्कळ जाणती माणसं सांगतात की आपले फोटो कुठल्या फोकल लेंग्थला काढलेत ते मोजा, जिथे गर्दी तिथली लेन्स घ्या. मोजायला हरकत नाही, ती माहिती प्रत्येक फोटोत असते. पण माझ्या मोजणीत निम्म्याहून जास्त फोटो एक तर १८ला निघाले, नाही तर ५५ला. त्यातून कळलं ते एवढंच की मी झूम टोकापर्यंत फिरवतो आणि पाय हलवत नाही.

त्यापेक्षा टाकाऊ फोल्डर उघडावं आणि चार ढीग करावेत. अंधारात हललेले. फार लांब राहिलेले. चौकटीत न मावलेले. आणि चौथ्या ढिगात उरलेले. माझे तीनशे फोटो मी एका रविवारी दुपारी असे वाटले. हललेले ११२, लांबचे ४१, न मावलेले १९.

चौथ्या ढिगात १२८. त्यांत काही हललं नव्हतं, काही लांब नव्हतं, सगळं स्पष्ट होतं. सिंहगडाची पायवाट, कुठलंतरी दार, चहाचा पेला, आभाळ. हा फोटो मी का काढला हे मलाच आठवेना, असे १२८.

पहिल्या ढिगाने मला तिसरी लेन्स सांगितली. अंधारातले ११२ फोटो जवळजवळ सगळे घरातले होते: स्वयंपाकघर, देवघर, झोपाळ्यावरची आजी. म्हणून ३५ एमएम, एफ १.८ घेतली. मोटर असलेली, कॅमेऱ्यावर लावून पाहिलेली, आणि वाणसामानाच्या यादीत ‘लेन्स’ अशीच लिहिलेली. दुसऱ्या ढिगासाठी लवकर उठायला लागलो. तिसऱ्यासाठी मागे सरकायला.

चौथ्या ढिगासाठी अजून कुठल्याही कंपनीने लेन्स काढलेली नाही. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी वर्षानुवर्षं ज्या रोलीफ्लेक्सने काम केलं, त्या कॅमेऱ्याची लेन्स बदलताच येत नाही. त्या कॅमेऱ्यापुरता तरी पुढची लेन्स कुठली, हा प्रश्न त्यांना पडलेला नसणार. समोर काय चाललंय, हा पडलेला असणार.

उद्यापन

मन ठरलं की दुकानात जाण्याआधी एक महिना थांबावं. किट लेन्सची झूमची रिंग मनातल्या लेन्सच्या आकड्यावर, ३५ किंवा ५०वर, आणून चिकटपट्टीने बांधावी आणि महिनाभर तशीच वापरावी. १.८चा प्रकाश यातून मिळत नाही, पण ती लेन्स जगाकडे कशी बघते ते फुकटात कळतं. लांब किंवा मॅक्रो हवी असेल तर शनिवार-रविवारसाठी भाड्याने आणावी, पुण्या-मुंबईत मिळते. दोन दिवसांत खांदा दुखला नाही आणि सोमवारी परत करताना मन दुखलं, तर घ्यावी.

नवी लेन्स आली तरी किट लेन्स विकू नये. विकून फारसे पैसे येत नाहीत. शिवाय कढीपत्ता फुकट मिळतो, पण त्याच्यावाचून फोडणी होत नाही.

आणि आज रात्री हे वाचून झाल्यावर दुकानांचे भाव बघत बसू नका. ‘टाकाऊ’ नावाचं एक फोल्डर तयार करा.